जिंकायची ती एक चिंधी

'पालिओ' या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ शर्यत असा नाही. लॅटिनमधील 'पालिउम' म्हणजे पांघरण्याचे वस्त्र. शर्यतीत पहिल्या येणाऱ्यास द्यावयाचे मौल्यवान कापड ते पालिओ, आणि पुढे कापडावरून शर्यतीलाच ते नाव पडले. मराठीत यासाठी 'महावस्त्र' हा शब्द सहज सुचतो. त्यात मान आहे, दरबार आहे, कोणाच्या तरी हातून ते अंगावर येणे आहे. मात्र ज्या सिएना नगरात या वस्त्रासाठी वर्षातून दोनदा घोडे धावतात, तेथील लोक या रेशमी, चित्रकाराकडून मुद्दाम रंगवून घेतलेल्या, वरच्या बाजूस कुमारी मेरीची प्रतिमा असलेल्या पताकेला 'चेंचो' म्हणतात. चेंचो म्हणजे चिंधी. जिच्यासाठी वर्षभर झुरायचे तिलाच चिंधी म्हणायचे, या लाडिक उर्मटपणात सिएनाच्या स्वभावाचे बरेच काही आले आहे, असे मला वाटते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या शर्यतींची पहिली ओळख बहुधा दान्तेमुळे होते. 'इन्फेर्नो'च्या पंधराव्या सर्गात ब्रुनेत्तो लातिनी भेटतो. दान्तेला गुरुस्थानी असलेला हा विद्वान नरकातल्या तापलेल्या वाळूवरून अखंड चालत राहण्याची शिक्षा भोगतो आहे. संभाषण संपते आणि मागे पडलेला वृद्ध आपल्या जथ्याला गाठण्यासाठी धावत सुटतो. दान्तेला तेव्हा व्हेरोनाच्या मैदानात हिरव्या कापडासाठी धावणाऱ्यांची आठवण होते, आणि त्यांतही हरणाऱ्याची नव्हे, जिंकणाऱ्याची. शापित गुरूची पाठमोरी धाव विजेत्यासारखी दिसावी, या एका उपमेत किती करुणा आणि किती आदर आहे, हे वर्गात समजावून सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते. 'पारादीसो'च्या सोळाव्या सर्गात तर काच्चाग्विदा हा दान्तेचा पूर्वज फ्लॉरेन्समधील आपल्या घराचा पत्ताच वार्षिक शर्यतीच्या वाटेवरून सांगतो. म्हणजे चौदाव्या शतकाच्या आरंभी ही शर्यत इतकी नित्याची होती की पत्ता सांगायला तिचा उपयोग व्हावा.

आज इटलीत अशा स्पर्धांची कमतरता नाही. फ्लॉरेन्सला चार मोहल्ल्यांचा, गुद्दागुद्दीसह खेळला जाणारा ऐतिहासिक चेंडूचा खेळ आहे, अरेत्झोला भाल्यांची स्पर्धा आहे, फेर्रारा आणि आस्ती येथे घोड्यांच्या शर्यती आहेत. मात्र त्यांच्या आजच्या रूपाच्या जन्मतारखा पाहिल्या की जरा सावध व्हावे लागते. फ्लॉरेन्स १९३०, अरेत्झो १९३१, फेर्रारा १९३३, आस्ती १९६७. पहिल्या तिन्ही तारखा मुसोलिनीच्या काळातल्या. मध्ययुगाचे पोशाख घालून रस्त्यावर उतरणारी नगरे त्या राजवटीला हवीच होती. हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी १९८३ साली 'परंपरेचा शोध' ही संकल्पना मांडली, तेव्हापासून आपण अभ्यासक मंडळी कोणतीही परंपरा दिसली की आधी तिची शिवण उसवून पाहतो. ही सवय उपयुक्त आहे यात शंका नाही. सिएनाच्या मिरवणुकीतले पोशाखही वेळोवेळी नव्याने शिवलेले आहेत. तरीही शिवण उसवून झाल्यावर सिएनामध्ये जे शिल्लक राहते ते इतरत्र राहत नाही, आणि ते काय आहे हा या लेखाचा विषय आहे.

त्यासाठी थोडा इतिहास हवा. ४ सप्टेंबर १२६० रोजी मोंतापेर्तीच्या लढाईत सिएनाने फ्लॉरेन्सचा दणदणीत पराभव केला. सिएनाच्या अभिमानाचा तो परमोच्च दिवस. १३३८-३९ मध्ये आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने नगरभवनाच्या भिंतींवर चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची चित्रे रंगवली. दहाच वर्षांत, १३४८ साली, काळी महामारी आली. कॅथीड्रलचा आखलेला प्रचंड विस्तार अर्धवट राहिला. त्याची उघडी भिंत आजही आकाशाला पाठ लावून उभी आहे. अखेर १५५५ मध्ये, दीर्घ वेढ्यात उपासमार सोसून, सिएनाचे प्रजासत्ताक सम्राटाच्या आणि कोसिमो दे मेदिचीच्या सैन्याला शरण गेले. ज्या फ्लॉरेन्सला हरवले होते त्याच फ्लॉरेन्सच्या घराण्याची सत्ता बोकांडी बसली. राज्य गेलेल्या गावाकडे काय उरते? गल्ल्या उरतात. पियात्सा देल कांपो या शिंपल्याच्या आकाराच्या उतरत्या चौकात घोड्यांची आजच्यासारखी शर्यत नियमित सुरू झाली ती सतराव्या शतकात, म्हणजे स्वातंत्र्य गेल्यानंतर. पालिओची मुळे मध्ययुगात असली तरी त्याचे झाड पराभवानंतर वाढले आहे, ही गोष्ट प्रवासी पुस्तिका सहसा सांगत नाहीत.

या गल्ल्यांना 'कोंत्रादा' म्हणतात. शब्दाचे भाषांतर करताना मी अडखळते. 'पेठ' म्हणावे तर तिला बाजाराचा वास येतो, 'आळी' म्हणावे तर व्यवसायाचा, 'वाडा' म्हटले तर आणखीच वेगळे काहीतरी मनात येते. तूर्त 'पेठ' चालवून घेऊ. अशा पेठा आज सतरा आहेत: गरुड, सुरवंट, गोगलगाय, घुबड, ड्रॅगन, जिराफ, साळिंदर, एकशिंगी, लांडगी, शिंपला, हंसी, लाट, बिबट्या, अरण्य, कासव, मनोरा आणि मेंढा. मनोऱ्याच्या चिन्हात तो मनोरा हत्तीच्या पाठीवर आहे. प्रत्येक पेठेचे स्वतःचे चर्च, संग्रहालय, मंडळ आणि कारंजे असते. पेठेत जन्मलेल्या मुलाचा चर्चमधला बाप्तिस्मा वेगळा आणि या कारंज्यावरचा वेगळा. त्या दिवशी गळ्यात पेठेच्या रंगांचा रुमाल पडतो तो कायमचा. हंसीच्या पेठेतले चर्च म्हणजे संत कातेरीनाचे जन्मघर. त्यामुळे त्यांचा तोरा काही और आहे.

या पेठांच्या सीमा कोणी आखल्या? सिएनाची तेव्हाची गव्हर्नर, बव्हेरियाची राजकन्या व्हायोलांते बेआत्रीचे हिने जानेवारी १७३० मध्ये एक फर्मान काढले आणि कोणता रस्ता, कोणते घर कोणत्या पेठेचे हे ठरवून टाकले. (सिएनाचे वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई, म्हणून काही पुस्तके हे फर्मान १७२९चे सांगतात.) ते फर्मान आजही चालते. दरम्यान नेपोलियन येऊन गेला, इटली एक झाली, दोन महायुद्धे झाली, पण कासवाची एक भिंतही गोगलगायीकडे गेली नाही.

काही वर्षांपूर्वी जूनच्या अखेरीस मी सिएनात तीन दिवस होते. २ जुलैची शर्यत मी पाहिली नाही, परतीचे तिकीट आधीचे होते. पाहिल्या त्या तालमी. शर्यतीआधी चौकात अशा सहा धावा होतात, सकाळी आणि संध्याकाळी. चौकाभोवतीच्या फरसबंदीवर पिवळसर माती अंथरून ठोकून घट्ट केलेली असते. सिएनात 'चौकात माती पडली' म्हटले की माणसांना दुसरे काही सुचत नाही. ॲलन डंडेस आणि आलेस्सान्द्रो फालास्सी यांच्या १९७५ मधील पालिओवरील पुस्तकाचे नावही तेच आहे. तालमीला काहीच पणाला नसते. स्वार घोडे आवरूनच धरतात. तरीही लाकडी बाकांवर दाटीवाटीने बसलेली पेठेची पोरे घसा फाटेपर्यंत गात होती. गाण्याचे शब्द मला कळत नव्हते, पण सूर सगळ्या पेठांचा एकच आहे आणि शब्द मात्र शेजाऱ्याला चिडवणारे, एवढे कळले. तालीम संपली की घोड्याच्या मागून सारी पेठ चालत तबेल्यापर्यंत जाते. एक म्हातारे गृहस्थ घोड्याच्या मागे चालताना काहीच गात नव्हते. ते फक्त घोड्याच्या मागच्या पायांकडे पाहत होते, आजारी माणसाच्या चालण्याकडे घरातले पाहतात तसे.

शर्यत साधारण सव्वा मिनिटाची. चौकाला तीन फेऱ्या. खोगीर नाही. सतरापैकी दहाच पेठा एका वेळी धावतात, कारण चौकात त्याहून अधिकांना जागा नाही. गेल्या वर्षी त्याच महिन्यात न धावलेल्या सात हक्काने, उरलेल्या तीन चिठ्ठ्या टाकून. घोडाही चिठ्ठीनेच मिळतो. तो बदलता येत नाही, आणि जायबंदी झाला तर पेठ त्या वेळी धावतच नाही. स्वार मात्र पैसे मोजून आणतात. बरेचसे सार्डिनिया बेटावरचे. चौदा शर्यती जिंकणारा आंद्रेआ देगोर्तेस, ज्याला सिएना 'आचेतो' म्हणजे 'व्हिनेगर' या नावाने ओळखते, तोही तिथलाच. घोडा दैवाचा आणि स्वार पैशाचा, म्हणून घोड्यावर प्रेम आणि स्वारावर संशय. तो संशय साधार असतो. कारण पेठापेठांत आणि स्वारास्वारांत गुप्त करार होतात, पैसे ठरतात, आणि हे सगळे खेळाचा मान्य भाग आहे. बैलाच्या वाळवलेल्या इंद्रियापासून केलेला चाबूक स्वाराच्या हाती असतो. तो आपल्या घोड्यावर चालवावा तसा दुसऱ्या स्वारावरही चालवता येतो. दोन दोरांमध्ये नऊ घोडे उभे राहतात. दहावा मागे, दोरांच्या बाहेर. त्याच्या मनात येईल तेव्हा तो धावत आत शिरतो आणि तोच शर्यतीचा आरंभ. हा दहावा कोणाच्या पैशावर थांबला आहे, हे ताडण्यात हजारो माणसे कधी कधी तासभर श्वास रोखून उभी राहतात. नाट्यशास्त्राच्या अभ्यासकाने शर्यतीपेक्षा हा खोळंबा पाहावा असे मी म्हणेन.

रोखीचे बक्षीस नाही. करारांचे पैसे चुकवायचे ते जिंकणाऱ्यानेच, त्यामुळे विजय पेठेला चांगलाच महाग पडतो. मिळते ती चिंधी. जिंकलेल्या पेठेचे मोठमोठे लोक मग तोंडात लहान बाळाची चोखणी धरून गावभर हिंडतात, कारण जिंकणे म्हणजे पुन्हा जन्मणे. फार वर्षे न जिंकलेल्या पेठेला 'नोन्ना', आजी, म्हणतात. लांडगीची पेठ १९८९ नंतर सत्तावीस वर्षे थांबली आणि २०१६ मध्ये जुलै व ऑगस्ट अशा दोन्ही शर्यती जिंकून गेली. त्या पेठेतल्या पंचविशीच्या मुलाने तोवर विजय पाहिलाच नव्हता. त्याला वारशात मिळाली होती ती वाट पाहणे.

आणि शत्रू. बहुतेक पेठांना एक नेमका, अधिकृत शत्रू असतो आणि तो बहुधा भिंतीला भिंत लावून राहतो. गोगलगायीचा कासव, साळिंदराचा लांडगी, हंसीचा मनोरा, शिंपल्याचा मेंढा. आपण जिंकणे उत्तम. पण ते जमत नसेल तर शत्रू जिंकू नये यासाठी पैसा ओतणे हेही तितकेच पवित्र कर्तव्य. दुसरा येणारा सर्वांत मोठा पराभूत मानला जातो. वेगवेगळ्या पेठांतले नवराबायको शर्यतीच्या दिवसांत आपापल्या माहेरघरी जाऊन राहतात, असे सर्रास सांगितले जाते. गल्लीच्या तोंडाशी मारामाऱ्या होतात, पण मुठींनी. हत्यार काढणे कमीपणाचे. मला यात जे विलक्षण वाटते ते असे. शत्रूला हरवता येते, चिडवता येते, त्याच्या दाराशी रात्रभर ढोल बडवता येतो, पण त्याची एक वीतभर जमीन घेता येत नाही. १७३०च्या फर्मानाने प्रत्येकाच्या द्वेषाला कुंपण घालून दिले. शत्रूने कायम शेजारी असावे ही या खेळाची अट आहे.

याच्या उलट अरेत्झो. तेथील स्पर्धेत चार मोहल्ल्यांचे घोडेस्वार भाला रोखून एका लाकडी पुतळ्यावर धावून जातात. पुतळ्याच्या एका हातात गुणांचे आकडे लिहिलेली ढाल, दुसऱ्या हातात लोंबते गोळे असलेला आसूड. ढालीवर घाव बसला की पुतळा गर्रकन फिरतो आणि आसूड स्वाराच्या पाठीत बसू शकतो. पुतळा सारासेन म्हणजे मुसलमान योद्ध्याचा आहे. त्याचे बिरुद मात्र 'बुरात्तो, रे देल्ले इंदिए', इंडीजचा राजा. अरेत्झोच्या उतरत्या चौकात हे नाव पहिल्यांदा कानावर आले तेव्हा मला हसू फुटले, कारण तिथल्या गर्दीत त्या राजाची नात शोभेल अशी मी एकटीच होते. हसू ओसरल्यावर विचार आला की हा शत्रू किती सोयीचा आहे! त्याला गल्ली नाही, चर्च नाही, उद्या सकाळी पावाच्या दुकानात तो शेजारी उभा राहणार नाही. मध्ययुगातल्या 'इंडीज'ला नकाशावरही धड जागा नव्हती. अरेत्झोचे लोक हे वैर मनाला लावून घेत नाहीत हे खरे, त्यांची खरी चुरस आपसातच आहे. पण लाकडी परक्याला घाव घालून एक होणारे गाव आणि शेजाऱ्याशी आमनेसामने वैर करून एक राहणारे गाव यांत मला दुसरे अधिक प्रामाणिक वाटते.

तरीही जन्माने ठरणारा समूह म्हटला की आपल्याकडच्या वाचकाचे कान टवकारतात, आणि टवकारायलाच हवेत. गल्लीवरून आणि आडनावावरून माणूस मोजण्याचा अर्थ आपण जाणतो. सिएनाच्या पेठेत सरदार आणि खाटीक एकाच रुमालाखाली येतात. पेठ वर्गाला आडवी छेद देते, उतरंड रचत नाही. हा फरक मोठा आहे. पण सारे काही निर्मळ आहे असे नाही. पेठेच्या कारभारात स्त्रियांना मत मिळायला विसावे शतक बरेच पुढे सरकावे लागले. १९५७च्या ऑगस्टमध्ये रोसान्ना बोनेल्ली गरुडाच्या पेठेसाठी घोड्यावर बसली. विसाव्या शतकात चौकात धावलेली ती एकटीच स्त्री.

घोड्यांचा प्रश्न याहून अवघड. सान मार्तीनोच्या वळणावर उतार आणि काटकोन एकत्र येतात. तिथे भिंतीला गाद्या लावलेल्या असतात, आणि त्या का लावाव्या लागतात हे पहिल्याच तालमीत कळते. १९७० पासून पन्नासाच्या आसपास घोडे दगावल्याचे प्राणिहक्क संघटना सांगतात. नगरपालिकेने हळूहळू नियम कडक केले: घोड्यांची वैद्यकीय तपासणी, काटक संमिश्र जातीच्या घोड्यांना पसंती. तरी २० ऑक्टोबर २०१८ रोजी, पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीच्या शताब्दीनिमित्त झालेल्या खास शर्यतीत, जिराफाच्या पेठेचा राओल हा घोडा जखमी होऊन मेला. ती शर्यत जिंकली कासवाच्या रेमोरेक्सने, स्वार पडल्यानंतर, एकट्याने. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये अरण्याच्या पेठेसाठी त्याने पुन्हा तेच केले. नियमाप्रमाणे चिंधी घोड्याची असते, स्वार असो वा नसो. सिएनाचे लोक हे अभिमानाने सांगतात. शर्यतीपूर्वी घोड्याला पेठेच्या चर्चमध्ये नेऊन पाद्री आशीर्वाद देतो आणि जिंकून परत ये असे सांगतो. घोड्याने तिथेच लीद टाकली तर तो शुभशकुन. विजयाच्या मेजवानीत मानाच्या जागी घोडा असतो. हे प्रेम खोटे नाही. राओलचे मरणही खोटे नाही. ज्यांना या दोन्हींपैकी एकच दिसते त्यांच्याशी वाद घालण्यात मला रस नाही, आणि दोन्ही दिसूनही ज्यांना निर्णय सोपा वाटतो त्यांचा मला थोडा हेवा वाटतो. मला स्वतःला विचाराल तर ते वळण बदलावे असे मी म्हणेन, चौकाचा आकार बदलावा लागला तरी. सिएनात हे वाक्य मी मोठ्याने उच्चारले नाही.

महायुद्धांच्या काळात शर्यती थांबल्या, २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे थांबल्या. थांबल्या म्हणजे पेठा थांबल्या नाहीत. शर्यत ही वर्षातली सव्वा मिनिटाची गोष्ट. बाकीचे वर्ष बारसे, जेवणावळी, मयत, आजारी माणसाकडे रात्री जाऊन बसणे यांत जाते. मोन्तालेची 'पालिओ' या नावाची कविता १९३९च्या 'ले ओक्काझिओनी' या संग्रहात आहे. युद्धाच्या उंबरठ्यावर त्याला हा चौक आठवावा हे मला अर्थपूर्ण वाटत आले आहे.

शर्यतीपूर्वी जी ऐतिहासिक मिरवणूक निघते तिचे चित्रण मी नंतर अनेकदा पाहिले. ढोल, उंच उडणारी निशाणे, प्रत्येक पेठेचे पोरगेलेसे ध्वजधारी. आपली पेठ आली की त्या बाजूच्या बाकांवर गलका उठतो, शत्रूची आली की शिट्ट्या. मग सहा घोडेस्वार येतात. कोंबडा, सिंह, अस्वल, ओक, बळकट तलवार आणि घोणस. या सहा पेठा कधीकाळी सिएनात होत्या. सतराव्या शतकानंतर त्या नाहीशा झाल्या आणि त्यांचे रस्ते शेजाऱ्यांत वाटले गेले. व्हायोलांतेच्या फर्मानात त्यांना जागा नव्हती. त्यांच्या कारंज्यांवर आता कोणाचे बारसे होत नाही, त्यांना शत्रूही नाहीत. त्या सहा स्वारांच्या शिरस्त्राणांच्या झडपा खाली ओढलेल्या असतात, चेहरे दिसत नाहीत. ते समोरून जातात तेव्हा कोणीही शिट्टी वाजवत नाही.